शिडाच्या जहाजाच्या प्रतिकृतीचे दोर पुन्हा पुन्हा ढिले पडतात? आधी हे तपासा

मॉडेल पूर्ण होतं, सगळं रिगिंग (डोलकाठ्यांचे आणि शिडांचे दोर) ताठ असतं, आणि काही महिन्यांनी दोरांना झोळ पडतो. ओढून पुन्हा बांधलं की पुढच्या ऋतूत तोच प्रकार. लाकडी शिडाच्या जहाजांत ही तक्रार सगळ्यांत जास्त येते आणि तिच्यावरचा सगळ्यांत चुकीचा उपाय म्हणजे दिसला ढिला दोर की ओढ. ढिला दोर बहुतेक वेळा स्वतः दोषी नसतो. त्याच्या दोन टोकांपैकी एक कुठेतरी सरकलेलं असतं.

लक्षणे

खालीलपैकी नेमकं काय दिसतंय ते आधी लिहून ठेवा. पुढे कोणत्या तपासणीकडे वळायचं ते यावरूनच ठरतं.

- वर्षाच्या ठरावीक काळात सगळेच दोर ढिले पडतात आणि नंतर आपोआप ताठ होतात.
- फक्त एका बाजूचे श्राउड (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर) लोंबतात, दुसऱ्या बाजूचे ताठ आहेत.
- पुढच्या डोलकाठीचे सगळे स्टे (डोलकाठीला पुढून धरणारे दोर) ढिले, मधली आणि मागची डोलकाठी ठीक.
- वरचे स्टे ताठ, त्याच डोलकाठीचे खालचे ढिले.
- डेडआयची (श्राउडच्या तळाशी असलेल्या, भोकं पाडलेल्या गोल चकत्यांची) ओळ वरखाली झाली आहे.
- श्राउड मधोमध आत ओढले गेले आहेत, दोन्ही कडांना डमरूचा आकार आला आहे.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक हिशेब डोक्यात ठेवा. ३०० मिमी लांबीच्या दोराला मधोमध ५ मिमी झोळ पडायला तो फक्त ०.२२ मिमी लांब व्हावा लागतो, किंवा त्याची टोकं तेवढी जवळ यावी लागतात. ३ मिमी झोळाला तर ०.०८ मिमी पुरतात. म्हणजे डोळ्यांना भयंकर दिसणाऱ्या ढिलाईमागचं कारण डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक असू शकतं. ‘काहीच हललेलं दिसत नाही, म्हणजे दोराच खराब’ हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

१. हा दोष आहे का, तेच आधी बघा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. डोलकाठीला धरून ठेवणारे दोर, म्हणजे श्राउड, स्टे आणि बॅकस्टे (मागून धरणारे दोर), ताठच हवेत. पण आडव्या काठ्या आणि शिडं हलवणारे चालते दोर खऱ्या जहाजावरही सगळे कधीच ताठ नसत. टॉपसेलची (खालून दुसऱ्या शिडाची) आडवी काठी वर चढवलेली असेल तर तिचे लिफ्ट (काठीची टोकं पेलणारे दोर) ढिलेच लोंबतात, कारण वजन हॅलयार्डवर (काठी वर चढवणाऱ्या दोरावर) असतं. काठी खाली उतरवलेली असेल तर वजन लिफ्टवर येतं आणि ते ताठ होतात. शिडं उलगडलेल्या मॉडेलवर बंटलाइनना (शीड काठीकडे वर ओढून घेणाऱ्या दोरांना) थोडा झोळ असणं हेच बरोबर. अशा दोरांना ओढून ताठ करणारे हौशी लोक काठ्या वाकड्या करून बसतात आणि मग त्या वाकड्या काठ्यांची दुरुस्ती शोधत फिरतात.

जहाजाचा काळही बघा. ‘कटी सार्क’ (१८६९) सारख्या क्लिपरवर (वेगवान मालवाहू जहाजावर) उभे दोर तारेचे होते, त्यामुळे तिथे जराही झोळ खटकतो. त्याआधीच्या शतकांतल्या हेंपच्या (भांगेच्या झाडाच्या तंतूंच्या) दोरांच्या जहाजावर किंचित वाक नजरेला खपून जातो.

२. आर्द्रतेची नोंद

साधं डिजिटल हायग्रोमीटर मॉडेलशेजारी ठेवा. काच असेल तर काचेच्या आत. सकाळ-संध्याकाळचा आकडा आणि समोर ‘ताठ’ किंवा ‘ढिले’ एवढंच लिहायचं. तीन-चार आठवडे पुरतात, शक्यतो हवा बदलत असतानाचे.

याचं कारण दोऱ्यात आहे. २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेला सुती दोरा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून असतो, लिनन सुमारे १२, नायलॉन सुमारे ४ आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४. पीळ दिलेला सुती किंवा लिननचा दोर ओलावा प्यायला की तंतू जाड होतात, पिळाला जास्त लांबी लागते आणि दोर आखूड होतो. हवा कोरडी झाली की उलटं. म्हणून नोंदवहीत ‘दमट तेव्हा ताठ, कोरडं तेव्हा ढिलं’ असा सरळ मेळ दिसला तर दोरा नैसर्गिक धाग्याचा आहे आणि निदान जवळपास झालं. मेळ उलटा असेल, म्हणजे दमट हवेत ढिलं पडत असेल, तर दोरा नायलॉनचा असण्याचा संशय घ्या किंवा लाकूड हलतंय असं समजा.

आता खरी गोम. कोरड्या हवेत दोर ढिले दिसतात, म्हणून माणूस तेव्हाच ओढून बांधतो. पुढे हवा दमट झाली की तोच दोर आणखी आखूड होतो. ती जास्तीची ओढ कुठेतरी जिरणारच: गाठी दाबल्या जातात, दोरा कायमचा ताणला जातो, डोलकाठी खोबणीत किंचित सरकते, डेकमधला आयबोल्ट (दोर बांधायची तारेची कडी) अर्धा मिलिमीटर वर येतो. पुन्हा कोरडं झालं की दोर पूर्वीपेक्षा जास्त ढिला. तेव्हा पुन्हा ओढलं की चक्र सुरूच. दुरुस्तीची वेळ चुकली म्हणूनच ही तक्रार परत परत येते. दोर बांधायचे ते त्या जागेची आर्द्रता वर्षातल्या मधल्या आकड्यावर असताना. वर्षभरात आकडा ३५ ते ७५ मध्ये फिरत असेल तर ५५ च्या आसपास.

दोरा कशाचा हे ठाऊक नसेल तर उरलेला दोन सेंमी तुकडा मॉडेलपासून लांब, चिमट्यात धरून, धातूच्या ताटलीवर जाळा. सुती आणि लिनन कागदासारखा वास देत जळतात आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर, नायलॉन वितळतात आणि कडक मणी उरतो.

३. जागा बदला

खिडकीचं ऊन, एसीचा थेट झोत, हीटर आणि ओलसर बाहेरची भिंत या चारही गोष्टींपासून मॉडेल हलवा. दोरांना आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा त्यातले चढउतार जास्त बाधतात. काचेची पेटी हे चढउतार बऱ्याच अंशी मंद करते. धूळ वाचते ते वेगळंच. फक्त पेटी हवाबंद करू नका, मागच्या बाजूला खाली-वर चार-सहा बारीक भोकं ठेवा. कारण शेवटी येईल.

पेटीला दिवा लावला असेल तर तो बाहेरच्या बाजूला हवा. आतला दिवा रोज संध्याकाळी पेटी तापवतो आणि रात्री ती गार होते, म्हणजे एक छोटा ऋतू रोजच.

४. काय हलतंय ते शोधा

पेन्सिलच्या मागचं रबर डोलकाठीच्या टोकाला लावून हलकेच ढकला, एक-दोन मिलिमीटरच. दुसऱ्या हातात टॉर्च, उजेड डेकला जवळजवळ समांतर. डोलकाठी डेकमधून बाहेर येते तिथली सावली हलतेय का? डोलकाठीचे दोन तुकडे जोडले जातात त्या कॅपपाशी? श्राउडच्या तळाशी चॅनल (जहाजाच्या अंगातून बाहेर आलेली आडवी फळी) उचललं जातंय का? आयबोल्टभोवती काळी कड उघडते-मिटते का? सगळीकडून एकदा फिरा. या दहा मिनिटांत बहुतेक वेळा दोषी सापडतो.

मग ओळंबा. बारीक दोऱ्याला नट बांधून तो मॉडेलपुढे टांगा आणि समोरून फोटो काढा. जहाज मात्र पाण्याच्या रेषेवर सपाट ठेवलेलं हवं. एका बाजूचे श्राउड ढिले असतील आणि डोलकाठी त्याच बाजूला झुकली असेल तर बिघाड डोलकाठीच्या बुडाशी आहे. डोलकाठी सरळ असूनही एक बाजू ढिली असेल तर त्या बाजूचा लॅनयार्ड (वरचा-खालचा डेडआय जोडणारा बारीक दोर) किंवा चेनप्लेट (खालच्या डेडआयला जहाजाच्या अंगाशी धरणारी धातूची पट्टी) सुटली आहे. या एका फरकाने अर्धं काम वाचतं.

५. गाठी, बिलेइंग पिन, आयबोल्ट

हे चटकन उरकता येतं. बिलेइंग पिनवरचे (दोर अडकवायच्या खुंट्यांवरचे) वेढे सुटलेत का, पिनची पट्टी जहाजाच्या भिंतीपासून उचलली आहे का ते बघा. गाठींवर निम्मं पाणी घातलेला पांढरा पीव्हीए गोंद पुरतो. सुपरग्लू टाळा. तो दोऱ्यात चढत जातो आणि गाठीच्या वर दोन-तीन मिलिमीटर दोरा कडक, ठिसूळ होतो. पुढच्या वर्षी नेमका तिथेच तुटतो.

आयबोल्ट सैल असेल तर नुसता गोंद टाकून दाबू नका, भोकात जुना गोंद भरलेला असतो. बाहेर काढा, हाताच्या ड्रिलने भोक साफ करा, तारेच्या शेपटीला चिमट्याने एक बारीक वाक द्या आणि इपॉक्सीने बसवा. पूर्ण चोवीस तास त्यावर ओढ देऊ नका.

६. डेडआय आणि चेनप्लेट

डेडआयची वरची ओळ वाकडी झाली असेल तर खालची ओळही तपासा. खालची सरळ असेल तर लॅनयार्ड सरकले आहेत. ते सोडून पुन्हा ओवा. दोन डेडआयमधलं अंतर साधारण त्यांच्या व्यासाच्या अडीच ते तीन पट असतं. ते सारखं राहावं म्हणून १ मिमी पितळी तार चौकोनी ‘यू’ आकारात वाकवा, तिची दोन टोकं वरच्या आणि खालच्या डेडआयच्या भोकांत अडकवा आणि श्राउडची गाठ पक्की होईपर्यंत तशीच ठेवा.

खालची ओळच वर आली असेल तर चेनप्लेटचा खिळा सुटलाय. हा बिघाड दुहेरी फळ्यांच्या हलमध्ये (जहाजाच्या अंगात) नेहमीचा, कारण आतली फळी साधारण १.५ मिमी आणि बाहेरची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दोन मिलिमीटर लाकडात ठोकलेला खिळा कायमची ओढ कसा सोसणार? आतल्या सांगाड्याची आडवी चौकट कुठे येते ते प्लॅनवरून काढा. चेनप्लेटच्या जवळ ती सापडली तर ०.७ मिमीच्या ड्रिलने ६ ते ८ मिमी खोल भोक पाडा आणि पितळी पिन इपॉक्सीने बसवा. चौकट लांब असेल तर चेनप्लेटची जागा सरकवण्याच्या मोहात पडू नका, श्राउडची रेष बिघडते. त्याच भोकात इपॉक्सी भरून लांब पिन वापरा. चॅनल स्वतःच हलत असेल तर त्याच्या काठातून हलमध्ये दोन पिना घाला. फक्त चिकटवलेलं चॅनल कधी ना कधी निघतंच.

७. डमरू झालेले श्राउड

इथे दोष रॅटलाइनचा. शिडीच्या पायऱ्या बांधताना प्रत्येक गाठ जराशी जास्त ओढली की बाहेरचे दोन श्राउड आत येतात. चाळीस पायऱ्यांची ती जराजराशी ओढ मिळून श्राउडच वाकवते. ओला पीव्हीए वाळताना भर घालतो. यावर श्राउड ओढून उपयोग नाही. मधल्या भागातल्या पायऱ्या बारीक कात्रीने कापा, श्राउड मोकळे सरळ होऊ द्या, मागे समांतर रेघा मारलेला जाड कागद लावा आणि पुन्हा बांधा. खऱ्या जहाजावर पायऱ्यांतलं अंतर सुमारे १३ ते १५ इंच असे. १:६४ प्रमाणात ते ५ ते ६ मिमी होतं. बांधताना दर पाच-सहा पायऱ्यांनी बाहेरच्या श्राउडला पट्टी लावून बघा.

८. पुढच्या डोलकाठीचेच सगळे स्टे ढिले: बोस्प्रिट

नाळेवरून पुढे झेपावणारी बोस्प्रिटची तिरकी काठी स्टेच्या ओढीने हळूहळू वर उचलली जाते. तिच्या टोकापासून टेबलापर्यंतचं अंतर मोजा आणि प्लॅनशी ताडून बघा. टोक वर गेलं की त्यावरचे सगळे स्टे एकदम सुटतात.

अठराव्या शतकातल्या जहाजावर, उदाहरणार्थ १७६५ साली पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’वर, टोक खाली धरून ठेवायला बॉबस्टे हा दोर असतो. तो ओढा आणि नाळेवरचे गॅमनिंगचे (बोस्प्रिट नाळेला बांधणाऱ्या दोराचे) वेढे पुन्हा घट्ट करा. पण ‘वासा’ (१६२८) सारख्या जुन्या जहाजाला बॉबस्टे नव्हता. तिथे सगळा भार गॅमनिंगवर आणि काठीच्या आतल्या बुडावर. ढिलाई घालवण्यासाठी ‘वासा’ला बॉबस्टे बांधू नका, जाणकाराच्या नजरेत तो लगेच भरेल. त्याऐवजी बोस्प्रिटच्या बुडाशी खालून १ मिमी पितळी पिन घालून ती पक्की करा.

वरचे स्टे ताठ आणि खालचे ढिले, हे लक्षणही इथेच उरकू. बारीक टॉपगॅलंटचा (डोलकाठीच्या वरच्या टोकाकडच्या तुकड्याचा) स्टे जास्त ओढला की तो सगळी डोलकाठी पुढे वाकवतो आणि जाड, खालचा स्टे बिचारा ढिला पडतो. उपाय वरचा सोडणे. बऱ्याचदा खालचा हात न लावता ताठ होतो.

९. डोलकाठीचं बूड

सगळ्यांत चिकट बिघाड हाच, आणि सर्वाधिक वेळा सुटून जाणाराही. समजा डोलकाठी डेकखाली २५ मिमी जाते आणि डेकच्या वर २५० मिमी उभी आहे. डेकचं भोक फक्त ०.२ मिमी मोठं असेल तरी टोक सुमारे २ मिमी डुलतं. वर काढलेला हिशेब आठवा: तिरक्या स्टेला झोळ आणायला याचा दहावा भागही पुष्कळ झाला.

डोलकाठी उपटायची गरज सहसा नसते. खऱ्या जहाजांवरही डेकच्या भोकात डोलकाठीभोवती पाचरी ठोकत आणि वर कॅनव्हासचा कोट घालत. तेच करायचं.

आधी डोलकाठी ज्या बाजूला झुकलीय त्या बाजूचे ओढणारे दोर सोडा. दोर ताठ ठेवून पाचर घातली तर काठी सरळ न होता वाकते. मग तळाशी चिकटवलेली कोटाची कडी सोडवा. पीव्हीए असेल तर बारीक ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावत राहा, दहा-पंधरा मिनिटांत ते मऊ पडतं. सुपरग्लूला ॲसिटोन लागतं आणि ॲसिटोन वार्निश खातं, म्हणून डेकवर ते थेंबाथेंबाने, कापसाच्या काडीनेच. कडी वर सरकवा. ०.३ मिमी व्हेनीअरच्या २ मिमी रुंद पट्ट्या कापा आणि एका टोकाला घासून निमुळत्या करा. डोलकाठी ओळंब्याला लावून सरळ धरा. मागे झुकाव हवा असेल तर तो प्लॅनवरून कार्डाच्या साच्यात कापून घ्या. फटीत पट्ट्या चिमट्याने चारही बाजूंनी थोड्याथोड्या सारा. एकाच बाजूला सगळ्या कोंबल्या तर काठी उलट दिशेला जाते. पट्टी अडली की थांबा, ठोकू नका, डेकची फळी उचकटते. पीव्हीएचा एक थेंब, रात्रभर विश्रांती, मग कडी खाली.

पाचरी मारूनही टोक डुलत असेल तर वरचा जोड तपासा. खालची डोलकाठी आणि टॉपमास्ट (तिच्यावरचा तुकडा) जिथे जोडले जातात तिथली कॅप आणि आडवा फिड. टॉपमास्टच्या बुडातून जाणारी फिडची बारीक खुंटी नुसती शोभेची बसवलेली असेल तर टॉपमास्ट हळूहळू खाली घसरते आणि तिचे सगळे दोर एकदम सुटतात.

१०. दोराच बदलायचा असेल तर

वरचं सगळं ठीक असूनही ढिलाई ऋतूबरोबर येत असेल तरच इथे या. पॉलिस्टर दोरा घ्या. नायलॉन नको, तो ताणतो. कापलेला प्रत्येक दोर वजन लावून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टांगा, अर्धा मिमी जाडीला २०० ग्रॅम पुरे. मधमाशीच्या मेणाने तुसं बसतात आणि ओलावा जरा हळू शिरतो. मेण ओलावा पूर्ण अडवत नाही, त्यामुळे सुती दोऱ्याला मेण लावून पॉलिस्टरची बरोबरी होत नाही.

पुढचा श्राउड उजवीकडे, मग डावीकडे, असं आलटून पालटून बांधा. एक बाजू पूर्ण करून दुसरी घेतली की डोलकाठी झुकते. स्टे श्राउडच्या वरून. पहिल्या फेरीत दोर फक्त सरळ दिसेल एवढाच ओढा आणि गाठींना गोंद लावू नका. आठवडाभराने दुसरी फेरी मारा, तेव्हा जे ढिलं दिसेल ते नीट करून मग गोंद. छेडल्यावर दोर सुरात वाजला तर तो जास्त ताणलाय, सोडा.

झोळ घालवायला पाणी शिंपडण्याची युक्ती सुती दोऱ्यावर तात्पुरती चालते, पॉलिस्टरवर मुळीच नाही. लायटरची किंवा उदबत्तीची धग देऊन पॉलिस्टर आकसवणारेही आहेत. तो जुगाड करू नका, दोरा वितळतो आणि शेजारी मेण, वार्निश आणि सुकं लाकूड असतं.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर हत्यारं खाली ठेवा आणि जहाज-मॉडेलांची दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकाला किंवा संग्रहालयाच्या कामाचा अनुभव असलेल्या संवर्धकाला बोलवा.

कणाच वाकलाय किंवा हल पिळलंय. दोन्ही बाजूंचे चॅनल समोरून एका पातळीत दिसत नसतील तर संशय घ्या. दोर ओढून हा पीळ निघत नाही, उलट वाढतो.

डोलकाठीची डेकखालची खोबणच तुटलीय आणि डेक बंद आहे. डेक कापावा लागेल, आणि निम्म्याहून अधिक रिगिंग उतरवावं लागेल.

मॉडेल जुनं आहे किंवा कोणी केलं ते ठाऊक नाही. नेपोलियनच्या युद्धांतल्या कैद्यांनी हाडांपासून केलेली छोटी जहाजं यात येतात. त्यांचे मूळ दोर ढिले आणि जीर्ण असले तरी तेच मौल्यवान. नवा पॉलिस्टर घातला की त्याचं मोल गेलं.

लाकडाखाली ताजी बारीक पूड पडतेय. किडा आहे. आधी मॉडेल बाकीच्यांपासून वेगळं करा.

तोफा, नांगर अशा शिशाच्या भागांवर पांढरी पूड आलीय. बंद पेटीतल्या लाकडातून आणि गोंदातून निघणाऱ्या आम्लवाफा शिसं खातात. मघाशी भोकं ठेवायला सांगितलं ते यासाठी. ही पूड विषारी आहे. फुंकर मारू नका, ब्रशने झाडू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका.

व्यावसायिकाकडे जाताना समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून काढलेले फोटो, ओळंब्याचा फोटो आणि आर्द्रतेची वही न्या. प्लॅन असेल तर तोही. मॉडेल पाठवावं लागणार असेल तर ढिले दोर बांधून नीटनेटके करू नका, कोणता दोर किती सुटलाय हे त्याला जसंच्या तसं दिसायला हवं.